बेळगावचा ओल्ड मॅन आणि कीटोचा म्हातारा

गेल्या महिन्यात इथं फोंड्याच्या ताईंनी नरकासुराच्या रात्रीबद्दल लिहिलं होतं. कारीट, पोह्यांचे प्रकार, पहाटे जळणारा तो राक्षस, सगळं डोळ्यांसमोर उभं केलं. ते वाचून इंदूरच्या एका सभासदांनी विचारलं, बेळगावात म्हणे तुम्ही लोक एकतीस डिसेंबरला म्हातारा जाळता, ते काय प्रकरण आहे? त्याखाली दोघा-तिघांनी लगेच लिहून टाकलं की हे साहेबाचं खूळ आहे, आपलं नव्हे, बंद व्हायला पाहिजे.

मी बेळगावच्या कॅम्पातला. बँकेतल्या बदल्यांची वर्षं सोडली तर सगळं आयुष्य इथंच गेलं. शिवाय असाच म्हातारा मी पार दक्षिण अमेरिकेत, आंदीज पर्वतातल्या एका गावातही जळताना पाहिलाय. तेव्हा दोन्हीकडचं सांगतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी बेळगावचं. कॅम्प म्हणजे कॅन्टोन्मेंट. पलटण, चर्च, बेकऱ्या, शिंप्यांची दुकानं, गोव्याकडून आलेली ख्रिस्ती कुटुंबं, मराठा लाईट इन्फन्ट्रीचं सेंटर, आणि त्यात आमच्यासारखी कारकुनी घरं. नाताळ झाला की कोपऱ्याकोपऱ्यावर मोडक्या खुर्चीत ओल्ड मॅन बसायचा. आता चव्हाट गल्लीपासून शहापूरपर्यंत सगळीकडं बसतो, दहा-पंधरा फुटांचा असतो, तयार विकतही मिळतो, सिनेमातल्या व्हिलनचं तोंड लावलेलं असतं. आमच्या वेळचा माणसाएवढाच असायचा, आणि तो विकत आणणं ही कल्पनाच कुणाला सुचली नसती. जुनी पँट, जुना शर्ट, सुतळीनं पाय बांधायचे, आत भाताचं पिंजर ठासून भरायचं. डोक्याला उशीचा अभ्रा किंवा मडकं. कोळशानं भुवया, चुन्यानं दाढी. तोंडात विडी, हातात रिकामी बाटली, डोक्यावर कुठून तरी मिळालेली फाटकी साहेबी हॅट. दिवाळीतले लवंगी फटाके आम्ही लपवून ठेवायचो, डिसेंबरात दोन उन्हं दाखवायचो आणि त्याच्या खिशांत भरायचो. मग येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर डबा वाजवायचा, ओल्ड मॅनला पैसे द्या की! रात्री बाराला चर्चची घंटा झाली की काडी लावायची. पिंजराची आग ती. भडकन पेटायची, फटफट आवाज व्हायचे आणि पाच मिनिटांत खेळ खलास. वर्ष गेलं.

आमच्या कोपऱ्यावर कानडी, मराठी, कोकणी, उर्दू, तमिळ, सगळ्या घरांतली पोरं होती. भांडणं व्हायची ती डब्यातल्या पैशांवरून. हिशोब माझ्याकडं असायचा, तेव्हापासूनच! १९६२ साली सहा रुपये चाळीस पैसे जमले होते हे मला अजून पाठ आहे.

ते वर्ष पाठ असायला कारण आहे. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, आमचे अण्णा गेले. झोपेतच गेले. आई चौतिशीची, मी बाराचा, बहीण पंधराची. अण्णांचा एक काळा कोट होता, कॅम्पातल्याच शिंप्याकडून शिवलेला, कचेरीत जाताना रोजचा. तो दाराआडच्या खुंटीला तसाच लटकत होता. दार उघडलं की हलायचा. बाकीचे कपडे आजीनं वाटून टाकले, कोटाला मात्र आईनं हात लावू दिला नव्हता.

डिसेंबरात आमची टोळी घरोघरी जुने कपडे मागत फिरत होती. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं. सेंटरवरून जवान भरभरून जाताना आम्ही पाहिले होते. मोठ्या पोरांनी ठरवलं, यंदा ओल्ड मॅनला चिन्याचं तोंड काढायचं. आमच्या दारात आले तेव्हा मी मागं मागं उभा होतो, आपल्या घरात मागायची लाज वाटून. आई आत गेली आणि तो कोट घेऊन आली.

आजीनं कपाळावर हात मारला. वर्षश्राद्ध व्हायचंय अजून, आणि त्याचा कोट बाहुल्याला? एखाद्या गरिबाला दे, थंडीचे दिवस आहेत, दुवा देईल. आई म्हणाली, "गरिबाला दिला तर तो घालून रोज दारावरनं जाईल. पाठमोरा दिसेल. मला नाही बघवायचं." आजी गप्प झाली. मग आई त्या पोरांना म्हणाली, "कोट न्या. पण तोंड चिन्याचं नाही काढायचं. चांगलं काढा."

चांगलं म्हणजे कसं, असं कुणी विचारलं नाही. बेकरीवाल्यांचा थोरला मुलगा चित्रं बरी काढायचा. त्यानं पांढऱ्या मिशा काढल्या, गोल चष्मा काढला. अण्णांना चष्मा नव्हता, मिशाही नव्हत्या. तरी त्या वर्षी हातात बाटली द्यायला कुणी तयार होईना. शेवटी वर्तमानपत्राची घडी दिली. चार दिवस ओल्ड मॅन आमच्या कोपऱ्यावर तरुण भारत वाचत बसला होता. शाळेला सुटीच होती, मी दिवसभर त्याच्याशेजारी डबा घेऊन बसायचो.

रात्री बाराला आई बाहेर आली नाही. तिच्यासारखीनं यायचंच नव्हतं अशा गोष्टींना. खिडकीचं एक दार मात्र उघडं होतं. कोट लोकरीचा, पिंजर जळून गेलं तरी तो बराच वेळ धुमसत राहिला. दुसऱ्या दिवशी खुंटी मोकळी होती. कोटाची चार बटणं तिनं देण्याआधीच कापून घेतली होती. हे मला पुढं कळलं, कॉलेजात माझा पहिला कोट शिवला तेव्हा.

आता आंदीजचं सांगतो. माझा भाचा, म्हणजे त्याच बहिणीचा मुलगा, धारवाडहून शेतकीचा पदवीधर. गुलाबाच्या ग्रीनहाऊसमधला माणूस. आधी तळेगाव, मग केनिया, तिथून एक्वादोर. हा देश दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावर, विषुववृत्त पोटातून गेलेलं, आणि गुलाबांची निर्यात प्रचंड. फेब्रुवारीत अमेरिकेत प्रेमाचा दिवस साजरा होतो, त्या गुलाबांतले कितीतरी इथले. भाच्याचं शेत कायांबे गावाजवळ, राजधानी कीटोच्या उत्तरेला. डोक्यावर कायांबे नावाचाच बर्फाचा ज्वालामुखी. मी आणि सौ. २०१७च्या डिसेंबरात तिथं गेलो. उंची अठ्ठावीसशे मीटरच्या आसपास. पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागायची, आणि विषुववृत्तावर असूनही स्वेटर उतरला नाही. सूर्य बारा महिने सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. आमच्या सौ.ना ते फार आवडलं. दिवेलागणीची वेळ चुकायची सोय नाही!

बँकवाल्याची नजर नोटांवर जाते. त्या देशाला स्वतःचं चलनच नाही, अमेरिकी डॉलर चालतो. सेंटची नाणी तेवढी त्यांची आहेत. आणि अमेरिकेत फारसं कुणी वापरत नाही ते सोनेरी एक डॉलरचं नाणं इथं भाजीवालीच्या हातात सर्रास दिसतं. हे कसं झालं ते पुढं येतं.

नाताळानंतर रस्त्याच्या कडेला मुखवटे टांगलेले दिसायला लागले. कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले, शेकड्यांनी. खाली भुश्शानं भरलेले माणसाएवढे बाहुले ओळीनं बसवलेले, अंगात जुनी पँट, जुना शर्ट. मी भाच्याला म्हटलं, अरे, हे तर ओल्ड मॅन! तो हसत म्हणाला, मामा, नावसुद्धा तेच आहे. आन्यो व्हिएहो, म्हणजे जुनं वर्ष, म्हातारं वर्ष. म्हणून तर तुम्हाला या दिवसांत बोलावलं.

कीटोत आमेसोनास नावाच्या हमरस्त्यावर असल्या म्हाताऱ्यांची दरवर्षी मांडणी होते. राष्ट्रपती, मंत्री, फुटबॉलवाले, कोण काय चुकलं त्याचा देखावा. पण आम्ही राहिलो ती गल्ली साधी होती. घरमालकीण सत्तरीतल्या बाई, भाचा त्यांना आजीसारखं मानायचा. म्हातारा त्यांच्या ओट्यावरच तयार होत होता. आपण पिंजर भरतो, ते लाकडाचा भुस्सा भरतात, त्यामुळे बाहुला जड होतो आणि बसवला तर खरोखर माणूस बसल्यासारखा वाटतो. बाईंनी माझ्याकडं बघून भाच्याला काहीतरी विचारलं. त्यानं सांगितलं, मामा बँकेत ऑफिसर होते. बाई शिवणकाम थांबवून खो खो हसल्या. म्हणाल्या, मग आज रात्री जपून राहायला सांग.

गोष्ट अशी की मार्च १९९९मध्ये तिथल्या सरकारनं बँकांना सुटी जाहीर केली आणि लोकांच्या ठेवी गोठवल्या. बँका एकामागून एक बुडत होत्या. पुढच्या जानेवारीत देशाचं चलन, सुक्रे, गुंडाळून डॉलर आणला, तेव्हाचा भाव पंचवीस हजार सुक्रेला एक डॉलर! ज्यांनी आयुष्यभर सुक्रेत साठवलं त्यांचं काय झालं असेल, हे ठेवीच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला तरी समजावून सांगायला नको. थोड्याच दिवसांत राष्ट्रपतींनाही पायउतार व्हावं लागलं. बाईंचे यजमान शाळामास्तर. निवृत्तीचे पैसे त्यात अडकले, आणि जे हाती आले त्यांतून घराचं एक दारही झालं नसतं. त्या वर्षी या गल्लीतल्या म्हाताऱ्याला टाय होता आणि हातातल्या बॅगेत सगळ्यांची पासबुकं होती. यजमानांनी स्वतः ती बॅग भरली. पुढं दोन वर्षांत ते गेले.

मी हे ऐकून काही बोललो नाही. नोकरीत असताना आमच्याही एका शाखेपुढं साहेबांचा पुतळा जळलेला मी आतून पाहिला आहे, शटर अर्धं खाली ओढून. पण तो जाळणारे ओळखीचे नव्हते आणि हसत नव्हते. इथं आठवडाभर त्या बाहुल्याला बसवतात, त्याच्याशी बोलतात, पोरं त्याच्या मांडीवर बसतात, आणि मग जाळतात. मोर्चातला पुतळा आणि ओल्ड मॅन यांत हा फरक आहे, तो मला तिथं नीट कळला. आणि आपल्या ताईंच्या नरकासुराहूनही हा वेगळा. नरकासुरानं अपराध तरी केला होता. ओल्ड मॅनचा अपराध एवढाच की तो म्हातारा झाला. सत्तरीनंतर हे दृश्य बघताना जरा अंगावर येतं, हे कबूल करतो.

संध्याकाळी रस्त्यात दोर आडवा. गाडी थांबली तर काळा झगा, काळी ओढणी, लाल ओठ, आणि झग्याखाली फुटबॉलचे बूट घातलेला एक मिशाळ बाप्या काचेवर डोकं आपटून रडायला लागला. मागं आणखी तीन. ह्या त्या म्हाताऱ्याच्या विधवा. स्पॅनिशमध्ये त्यांना व्हिउदाच म्हणतात. नवरा मेला, बारा लेकरं आहेत, दफनाला पैसे द्या, असं गळा काढून रडायचं आणि नाणी गोळा करायची. बघे हसून लोटपोट. भाचाही हसत होता. मला हसू येईना. माझी आई चौतिसाव्या वर्षी कुंकू पुसून बसली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही, लग्नात ती मागच्या खोलीत भाजी चिरायला असायची. आणि चारचौघांत ती रडल्याचं मी कधी पाहिलं नाही. इथं बाप्ये विधवेचं सोंग घेऊन नाचतायत.

मी एक सोनेरी डॉलर दिला आणि काच वर केली. घरी आलो तर तेच चौघं आमच्या दारात. घरमालकीण बाई, स्वतः विधवा, ओट्यावरून उतरून आल्या. त्यातल्या एकाची ओढणी नीट केली, पदर कसा धरायचा ते दाखवलं, आणि स्वतःच असा काही गळा काढला की ते चौघं गप्पच झाले. मग सगळे हसले. बाई सगळ्यांत जास्त. सौ. माझ्या कानाशी म्हणाली, "सासूबाईंना हे बघायला मिळायला हवं होतं." मला वाटलं होतं तिलाही माझ्यासारखंच टोचलं असेल. तिनं माझ्या आईबरोबर अठ्ठावीस वर्षं स्वयंपाकघर वाटून घेतलं होतं, तेव्हा यात माझ्यापेक्षा तिचं मत धरायला हवं.

साडेअकराला मृत्युपत्र वाचलं. तोही त्यांचा ठरलेला प्रकार. मरण्यापूर्वी जुनं वर्ष आपली इस्टेट वाटून जातं, आणि ती वाटणी म्हणजे सगळ्या गल्लीची उणीदुणी. कुणाच्या भुंकणाऱ्या कुत्र्याला मुसकं, नगराध्यक्षाला रस्त्यावरचे सगळे खड्डे, उधारी न फेडणाऱ्या एकाला म्हाताऱ्याचा फाटका खिसा. वाचणारी पोरगी सतरा-अठराची असेल. शेवटी भारतातून आलेल्या कुडकुडणाऱ्या पाहुण्यांना म्हाताऱ्यानं आपला पोंचो ठेवला होता. बाराला आग लावली. पिंजरासारखी नाही, भुस्सा सावकाश जळतो, आतून लाल होत जातो. तरणी पोरं त्यावरून उड्या मारत होती. काही लोक रिकामी सूटकेस घेऊन पळत गल्लीला फेरी मारून आले, का तर नव्या वर्षात प्रवास घडावा. बारा घंटांना बारा द्राक्षं खायची असतात. ती मी खाल्ली. उडी मारली नाही! सकाळी फिरायला निघालो तर दर पन्नास पावलांवर रस्त्यावर काळा डाग, आणि बायका झाडू घेऊन राख गोळा करतायत.

पहिल्या तारखेला निवांत बसून भाच्यानं बाकीचं सांगितलं. वर कोलंबियात, सरहद्दीजवळच्या पास्तो शहरातही हेच म्हातारे एकतीसला मिरवतात, आणि तिथून काळ्या-गोऱ्यांचा मोठा कार्निव्हल सुरू होतो, युनेस्कोनं २००९मध्ये यादीत घेतलेला. म्हणजे सरहद्द आखली तरी म्हातारा दोन्हीकडं सारखाच. आम्हा बेळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. त्याच्या शेतावरचा एक तंत्रज्ञ पेरूमधल्या काहामार्काचा. जिथं १५३२ साली स्पॅनिशांनी इंका राजा अताहुआल्पाला पकडलं तेच गाव. तिथं लेंटच्या आधीच्या कार्निव्हलला न्यो कार्नाव्हालोन नावाचा भलामोठा रंगीबेरंगी पुतळा वाजतगाजत आणतात, म्हणजे आपल्या भाषेत कार्निव्हलराव. चार दिवस मजा करून तो मरतो. त्याच्याही विधवा रडतात, त्याचंही मृत्युपत्र वाचतात, आणि बुधवारी इंकांच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात त्याला मूठमाती देतात. अर्जेंटिनातल्या हुमाहुआकाकडं तर छोटा सैतान जमिनीतून उकरून काढतात, आठवडाभर नाचवतात आणि परत पुरतात, पुढच्या वर्षापर्यंत. पुढच्या वर्षी लवकर या, असं आपण गणपतीला म्हणतो, ते एका सैतानाला म्हणणारेही लोक आहेत.

हे जाळणं सुरू कसं झालं? एक्वादोरमध्ये लोक सांगतात ते असं. १८४२ साली ग्वायाकील बंदरात पिवळ्या तापाची साथ आली, माणसं पटापट गेली. मेलेल्यांचे कपडे घरात ठेवायचे नाहीत म्हणून ते भुश्शानं भरून वर्षाच्या शेवटी रस्त्यात जाळले.

हे भाचा सांगत होता तेव्हा मी त्याला पहिल्यांदा त्याच्या आजोबांच्या कोटाची गोष्ट सांगितली. त्याच्या आईनं त्याला ती कधी सांगितली नव्हती. पंधरा वर्षांची होती ती तेव्हा. त्या रात्री खिडकीशी आईजवळ तीच उभी होती. भाच्यानं तिथूनच तिला फोन लावला. बेळगावात रात्र होती. ती इतकंच म्हणाली, "आई म्हणाली होती, बघ, किती वेळ टिकलाय. शिंपी चांगला होता."

तेव्हा मंडळी, हे खूळ कुठून आलं याचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. गोव्यात पोरं हाच म्हातारा रस्त्याकडेला बसवून पैसे मागतात, फोर्ट कोचीत तो पप्पांजी होतो, आणि आमच्याकडं कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांतून तो आला असं आम्ही लहानपणापासून धरून चाललोय. फटाके कमी करा, टायर आणि प्लॅस्टिक आत भरू नका, हे मी स्वतः आमच्या गल्लीतल्या पोरांना दरवर्षी सांगतो, आणि ती ऐकतात असा माझा अनुभव नाही. विकतचे व्हिलन आणू नका हेही सांगतो. तेही ऐकत नाहीत. पण बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही.

एक विनंती. कॅम्पातल्या जुन्या घरांपैकी कुणाकडं साठच्या दशकातला ओल्ड मॅनचा फोटो असेल तर कृपया खाली टाका. त्या काळी बेकरीवाल्यांकडं बॉक्स कॅमेरा होता. ते कुटुंब नंतर गोव्याला गेलं. चष्मा लावून पेपर वाचत बसलेला ओल्ड मॅन कुणाच्या आल्बममध्ये सापडला, तर तो १९६२चा आहे.